‘तपासता आलं नाही’: मेलमधल्या कुलूपबंद फाईलचं काय करायचं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क असं सगळं बघायला मी महिन्यातून दोनदा जातो. मागच्या खेपेला ऑफिसात पाय ठेवतोय तोवर अकाउंट्स बघणाऱ्या ताईंनी हाक मारली, “दादा, आधी इकडं या. हे काय म्हणतंय बघा की.” स्क्रीनवर पुण्याच्या एका ग्राहकाकडून आलेला मेल उघडा होता. विषय: सुधारित ड्रॉइंग आणि परचेस ऑर्डर. खाली एक झिप फाईल, म्हणजे फाईली एकत्र बांधलेलं गाठोडं. मजकुराची शेवटची ओळ होती, “गोपनीयतेसाठी फाईलला पासवर्ड दिला आहे. पासवर्ड: २५८०.” आणि या सगळ्यावर जीमेलने स्वतःची सूचना लावली होती: या अटॅचमेंटला कुलूप असल्यामुळे त्यात काही घातक आहे का हे तपासता आलेलं नाही, सांभाळून उघडा.

ताई म्हणाल्या, “पासवर्ड लावलाय म्हणजे चांगलंच की. मग हे सांभाळून उघडा कशाला म्हणतंय? आणि पासवर्ड खालीच दिलाय न्हवं, मग त्यानं आपलं आपण उघडून बघायचं.”

दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत. उद्यमनगरच्या वर्कशॉपपासून राजारामपुरीतल्या सीएंच्या ऑफिसपर्यंत सगळीकडं मला हेच विचारतात, आणि घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर देऊन मी पुढच्या कामाला लागतो. म्हणून आज जरा बैजवार लिहितो.

## मेल पोचायच्या आधीची झडती

कुणी मेल पाठवला की तो थेट तुमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडत नाही. आधी तो तुमच्या मेल सेवेच्या सर्व्हरवर उतरतो आणि तिथं त्याची झडती होते. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, मजकुरातल्या लिंक कुठं नेतात, आणि अटॅचमेंटच्या पोटात काय आहे. आपला आजचा विषय या तिसऱ्या प्रश्नाचा.

लक्ष्मीपुरीत धान्याची पोती उतरताना बघा. व्यापारी एक पोकळ, टोकदार सळी पोत्यात खुपसतो, बाहेर ओढतो आणि सळीतून आलेले दाणे तळहातावर पसरून बघतो. खडा, किडका दाणा, ओल, सगळं तिथल्या तिथं कळतं. मेलचा स्कॅनर, म्हणजे ही झडती घेणारा प्रोग्राम, असाच काम करतो. त्याच्याकडं आजवर सापडलेल्या घातक फाईलींचे ठसे साठवलेले असतात. ठसा म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुरावरून गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा, नाहीतर आतल्या कोडचा एखादा ओळखीचा तुकडा. झिप आली की स्कॅनर ती सोडतो, आतली एकेक फाईल बाहेर काढतो आणि ठसे जुळवतो.

पण जी फाईल आजच तयार झाली तिचा ठसा कुणाकडं असणार? अशी अनोळखी फाईल लढवून बघतात. आपल्याकडं नव्या पोराला कुणी एकदम खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी तालमीच्या हौद्यात जोड लावून त्याचे डाव बघतात. तसंच संशयास्पद फाईल बाकीच्या जगापासून तोडलेल्या एका बंदिस्त कॉम्प्युटरमध्ये उघडली जाते. याला सँडबॉक्स म्हणतात. तिथं ती गुपचूप इंटरनेटवरून काही ओढून घ्यायला लागली, दुसऱ्या फाईलींना हात घालायला लागली, की तिचा डाव उघडा पडतो आणि तुमच्या मशीनला धक्काही लागत नाही.

दोन्ही पद्धतींना अट एकच, की आत जाता आलं पाहिजे. पोत्याच्या जागी कुलूप ठोकलेली लोखंडी पेटी आली, तर सळी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्यानं काय करायचं?

## कुलूप लागतं तेव्हा फाईलचं काय होतं

बऱ्याच जणांना वाटतं की फाईल आत जशीच्या तशी असते आणि पासवर्ड म्हणजे नुसता दारावरचा राखणदार. तसं नसतं. पासवर्ड लावल्यावर फाईलचा मजकूरच बदलतो. पत्त्यांचा नवा कॅट डोळ्यांपुढं आणा, एक्क्यापासून राजापर्यंत ओळीनं लावलेला. आता तो एका ठरलेल्या क्रमानं पिसला. पिसायचा क्रम ज्याला माहीत आहे तोच उलट क्रमानं पत्ते पूर्वीसारखे लावू शकतो. बाकीच्यांना दिसतात ते विस्कटलेले पत्ते. पासवर्ड म्हणजे हा पिसायचा क्रम. या पिसण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. मी यापुढं नुसतं कुलूप म्हणेन.

यातून एक गोष्ट निघते आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिच्यात आहे. एकच घातक फाईल ‘२५८०’ पासवर्डनं बंद केली आणि तीच ‘२५८१’नं बंद केली, तर पिसून निघालेल्या त्या दोन मजकुरांत काही म्हणता काही साम्य राहत नाही. चोरानं हजार जणांना हजार वेगळे पासवर्ड लावून तीच फाईल पाठवली, तर स्कॅनरपुढं हजार अनोळखी फाईली येतात. ठशांचा साठा कितीही मोठा असो, त्याचा काही उपयोग होत नाही.

तरी सगळंच झाकलं जातं असंही नाही. साध्या झिपमध्ये पासवर्ड लावला तरी आतल्या फाईलींची नावं आणि त्यांचे आकार उघडे राहतात. त्यामुळं कुलूपबंद झिपमध्ये ‘ईएक्सई’ म्हणजे थेट चालणारा प्रोग्राम असेल, तर जीमेल नुसत्या नावावरून तो मेल अडवतं. सेव्हन-झिप आणि विनरार या गाठोडी बांधणाऱ्या-सोडणाऱ्या प्रोग्रामांच्या स्वतःच्या प्रकारांत आतली नावंही झाकायची सोय आहे. तशी यादीच झाकलेली फाईल जीमेल घेतच नाही, आणि कुलूपबंद झिप दुसऱ्या झिपमध्ये गुंडाळून पाठवली तरी घेत नाही. पेटीवरची चिठ्ठी वाचता येत नसेल तर पेटी दारातूनच परत, असा तो हिशोब आहे आणि मला तो पटतो.

## ताईंच्या मशीनवर करून दाखवलं ते

अँटीव्हायरस चालतो का हे तपासायला एक निरुपद्रवी चाचणी-फाईल असते. युरोपातल्या अँटीव्हायरस संशोधकांच्या ‘आयकार’ या संस्थेच्या नावानं ती ओळखली जाते. तिच्यात फक्त ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती कुणाचंही काही बिघडवत नाही, पण सगळे अँटीव्हायरस तिला घातक मानायचं असं ठरलेलं आहे. माझ्या पेनड्राइव्हवर ती कायम असते, पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये.

ती झिप मी ताईंच्या डेस्कटॉपवर ओढली. काही झालं नाही. उजवं बटण दाबून मुद्दाम स्कॅन करायला लावलं. हिरवी खूण आली: धोका आढळला नाही. मग झिप उघडली, पासवर्ड टाकला, आतली फाईल बाहेर काढायला सांगितलं. फाईल डेस्कटॉपवर उमटते न उमटते तोच कोपऱ्यात लाल चौकट आली आणि फाईल गायब झाली.

“मघाशी तर काही नाही म्हणाला,” ताई म्हणाल्या.

मला दाखवायचं होतं ते हेच. ‘काही सापडलं नाही’ आणि ‘बघताच आलं नाही’ या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कितीतरी प्रोग्राम या दोन्हींसाठी एकच हिरवी खूण दाखवतात. डॉक्टरांनी “एक्स-रे निघालाच नाही” म्हणणं आणि “एक्स-रेत काही दिसलं नाही” म्हणणं यात जेवढं अंतर, तेवढंच इथं आहे. जीमेलची ती सूचना यामुळंच मला आवडते. तपासणी झालेली नाही, हे ती स्पष्ट सांगते.

तुम्ही म्हणाल, शेवटी मशीनवरच्या अँटीव्हायरसनं पकडलंच की. पकडलं, कारण ती फाईल सगळ्या जगाच्या ओळखीची होती. नव्या घातक फाईलीचा ठसा मशीनवर असेलच असं नाही, सँडबॉक्ससारखी लढवून बघायची सोय ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सहसा नसते, आणि मुदत संपलेले अँटीव्हायरस मी दर आठवड्याला बघतो. कुलूपबंद फाईल म्हणजे वेशीवरचा पहारा ओलांडून थेट माजघराच्या दारात आलेला माणूस. आता एकच दार उरलं आहे.

## पासवर्ड मेलमध्येच आहे, तर स्कॅनर तो वापरत का नाही?

काही वापरतात. मेलचा मजकूर, विषय, फाईलचं नाव यांतले पासवर्डसारखे दिसणारे शब्द आणि आकडे उचलायचे, जोडीला नेहमीच्या सोप्या पासवर्डची यादी घ्यायची आणि एकेक किल्ली लावून बघायची. लागली तर आत जाऊन नेहमीसारखी तपासणी करायची.

हे खरंच होतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं ते मे २०२३ मध्ये. अँड्र्यू ब्रँट हे सुरक्षा संशोधक घातक फाईलींचा अभ्यास करतात आणि त्या सहकाऱ्यांना पाठवतात. वाटेत कुणी चुकून उघडू नये म्हणून या क्षेत्रातले लोक अशा फाईली झिप करून ‘इन्फेक्टेड’ हा एकच ठरलेला पासवर्ड लावतात. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या फाईली ठेवायच्या सेवेवर ठेवलेल्या अशा झिप फाईली घातक म्हणून खुणावल्या गेल्याचं ब्रँट यांना दिसलं. म्हणजे मशीननं कुलूप उघडून आत बघितलं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना हे योग्य वाटलं, काहींना घुसखोरी वाटली.

एक जुनी युक्ती इथं सांगायलाच हवी, कारण ती मला आजही थक्क करते. एक्सेलमध्ये एक ठरावीक पासवर्ड पहिल्यापासून घालून ठेवलेला आहे, ‘व्हेल्व्हेटस्वेटशॉप’. कुलूपबंद एक्सेल फाईल उघडताना एक्सेल आधी ही किल्ली लावून बघतं आणि ती चालली तर तुम्हाला पासवर्ड न विचारताच फाईल उघडतं. चोरांनी याचा फायदा अनेक वर्षं घेतला. याच पासवर्डनं बंद केलेली फाईल पाठवली की स्कॅनरला ती कुलूपबंद दिसते आणि माणसाला मात्र साधीच वाटते. चांगले स्कॅनर आता ही किल्ली जवळ ठेवतात.

पण किल्ली शोधण्याला मर्यादा आहेत. पासवर्ड चित्रात लिहिला, वेगळ्या मेलनं पाठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर दिला, किंवा “तुमच्या फर्मच्या नावाची पहिली चार अक्षरं आणि पुढं जीएसटी नंबरचे शेवटचे दोन आकडे” असं कोडं घातलं, की माणसाला सहज कळतं आणि मशीन अडतं. चोराला नेमकं हेच हवं असतं.

## मग सरळ कुलूप तोडायचं!

हेही विचारतात. तुटतं का, हे पासवर्ड किती मोठा आहे यावर आहे. ‘२५८०’ सारखा चार आकडी असेल तर एकूण शक्यता १०,०००. मोबाइलच्या कीपॅडवर सरळ वरून खाली येणारी ही चार बटणं असल्यानं चोर ती पहिल्या दहा प्रयत्नांतच लावून बघेल, ते वेगळं. जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांचे दिवस होतात साधारण ३६,५२५. मशीननं सेकंदाला हजारच प्रयत्न केले असं धरलं तरी ३७ सेकंदांत काम संपतं. उलट, इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिसळून बारा अक्षरी पासवर्ड घेतला, तोही कुठल्या शब्दावर न बेतलेला, तर सेकंदाला शंभर कोटी प्रयत्न करूनही सगळ्या शक्यता संपायला एक लाख वर्षं लागतील.

मेल सेवेपुढून दिवसाला जाणाऱ्या मेलचा पसारा बघता प्रत्येक फाईलपाशी थांबून कुलूप तोडत बसणं तिला परवडत नाही. चारसहा किल्ल्या लावून बघते आणि नाही लागली तर सूचना चिकटवून पुढं पाठवते. त्या सूचनेचं पुढं काय करायचं, हे तुमच्या-माझ्यावर राहतं.

## म्हणजे आमची ड्रॉइंगं कुणीतरी उघडून बघणार?

फाउंड्रीचे मालक हे सगळं ऐकत होते. त्यांची शंका रास्त होती. ग्राहकाबरोबर गोपनीयतेचा करार असतो, ड्रॉइंग बाहेर गेलं तर ऑर्डर जाते, वर नुकसानभरपाईचं लचांड.

स्कॅनर म्हणजे मशीन आहे, बसून ड्रॉइंग वाचणारा माणूस नव्हे, हे खरं. पण तेवढ्यावर शंका मिटवणं मला प्रामाणिक वाटत नाही. फाईल मेल सेवेच्या सर्व्हरवर उघडली गेली तर तेवढ्या वेळापुरता मजकूर त्यांच्या हातात उघडा असतो. क्रोम ब्राउझरचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये गूगलनं जाहीर केलं की संशयास्पद कुलूपबंद झिप डाउनलोड केली तर क्रोम तुम्हाला पासवर्ड विचारेल. वाढीव संरक्षण निवडलेलं असेल तर फाईल आणि पासवर्ड दोन्ही तपासणीसाठी गूगलकडं जातात, आणि तपासणीनंतर लवकरच पुसले जातात असं गूगल सांगतं. साधं संरक्षण असेल तर फाईल तुमच्याच मशीनवर उघडली जाते आणि आत काय आहे याची फक्त जुजबी माहिती पुढं जाते. निवड तुमची. पण निवड आहे हे ठाऊक तर पाहिजे.

माझं मत सरळ आहे. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला असेल तर गोपनीयता गेली म्हणून ओरडायला जागाच नाही. पेटीला कुलूप लावून किल्ली सुतळीनं कडीलाच बांधली, तर हमालापासून राखणदारापर्यंत कुणीही ती उघडू शकतो. असल्या कुलुपानं अडतो तो एकटा तपासनीस. ज्याला खरोखर काही गुप्त ठेवायचं आहे त्यानं पासवर्ड मोठा घ्यावा आणि मेलच्या वाटेनं तो पाठवूच नये.

## मेल तर जुन्या ग्राहकाकडूनच आला होता

हा सगळ्यात फसवा भाग. चोर परक्या पत्त्यावरूनच लिहितो ही समजूत आता सोडून द्यावी.

२०१४ मध्ये उघडकीला आलेला ‘इमोटेट’ हा घातक प्रोग्राम यात वाकबगार होता. तो एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की तिथले जुने मेल चोरायचा आणि त्याच चालू संवादात उत्तर म्हणून नवा मेल पाठवायचा. वर तुमचाच जुना विषय, खाली तुम्हीच लिहिलेला मजकूर, मध्ये दोन ओळी आणि एक कुलूपबंद झिप, पासवर्ड मेलमध्येच. वाचणाऱ्याला शंका कशी यावी? जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा दिसू लागला.

त्या दिवशी आम्ही झिपमधलं काही बाहेर न काढता नुसती आतली यादी बघितली. ड्रॉइंग आणि परचेस ऑर्डर म्हणून आलेल्या झिपमध्ये एकच फाईल होती, मॅक्रोवाली एक्सेल. मॅक्रो म्हणजे शीटच्या आत लपवता येणारा छोटा प्रोग्राम. मालकांनी ते बघितलं आणि लगेच म्हणाले, “ड्रॉइंग एक्सेलमध्ये कुठलं आलंय? आम्हाला पीडीएफ येतं, नाहीतर डीडब्ल्यूजी.” पंचवीस वर्षं ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला हे कळायला कुठलाही स्कॅनर लागला नाही. ताईंनी जुन्या बिलावरचा नंबर बघून पुण्याला फोन लावला, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर मुद्दामच लावला नाही. पलीकडून परचेसवाले म्हणाले, असं काही पाठवलेलंच नाही. त्यांच्या एका कर्मचाऱ्याचं मेल खातं दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं होतं.

याच्या जोडीला आणखी एक धोका, कारण आपल्या भागात तो घरोघरी आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज ‘बाहेरून आलेला माल’ असा अदृश्य शिक्का मारतं. त्या शिक्क्यामुळं, २०२२ पासून, अशा फाईलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस आपण होऊन अडवतं. पण झिप सोडणाऱ्या प्रोग्रामनं तो शिक्का आतल्या फाईलीवर पुढं न्यायला हवा. सेव्हन-झिपमध्ये २०२२ पर्यंत ती सोयच नव्हती, आणि नंतरही शिक्का गळून पडण्याची एक त्रुटी सापडली, जी २४.०९ या आवृत्तीत दुरुस्त झाली. विनरारमध्ये २०२३ साली सापडलेली गंभीर त्रुटी ६.२३ आवृत्तीत, आणि २०२५ मधली ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. हे दोन्ही प्रोग्राम स्वतःहून अपडेट होत नाहीत. कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी टाकलेलं विनरार आठ-दहा वर्षं तसंच चालू आहे, असं चित्र मी ऑफिसाऑफिसात बघतो. हा लेख वाचून एवढं जरी तपासलं तरी मला बरं वाटेल.

## बँकेचं स्टेटमेंटही पासवर्ड लावूनच येतं की

येतं, पण त्यात आणि या झिपमध्ये फरक आहे. बँक पासवर्ड लिहून पाठवत नाही, तो कसा बनतो हे सांगते: नावाची चार अक्षरं, जन्मतारखेचे आकडे असं काहीतरी. डाउनलोड केलेल्या ई-आधारला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, ई-पॅनला जन्मतारीख. किल्ली तुमच्या डोक्यात असते, मेलमध्ये नसते. म्हणून सहज नजर टाकणाऱ्यापासून ते कुलूप वाचवतं.

फार मोठं कुलूप मात्र समजू नका. ज्याला तुमचं नाव माहीत आहे त्याला ई-आधारसाठी फक्त जन्मवर्ष ओळखायचं असतं, म्हणजे फार तर शंभर प्रयत्न. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधारची पीडीएफ डाउनलोड करून तशीच सोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि एक फरक डोळ्यांत तेल घालून बघा. खरी कुलूपबंद पीडीएफ पासवर्ड विचारते तो तुमच्या मशीनवरच्या पीडीएफ वाचकात. अटॅचमेंटवर क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये पान उघडलं आणि “स्टेटमेंट बघण्यासाठी पॅन, जन्मतारीख, नेटबँकिंगचा पासवर्ड टाका” असं म्हणालं, तर ते पान तिथंच बंद करायचं.

## मग असली अटॅचमेंट बंदच करून टाकू

मोठ्या कंपन्यांत तसा नियम करतात, आणि एका सरकारनं तो स्वतःलाही लावला आहे. जपानमध्ये एका मेलमध्ये कुलूपबंद झिप आणि मागोमाग दुसऱ्या मेलमध्ये पासवर्ड पाठवायचा रिवाज ऑफिसाऑफिसात मुरलेला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये डिजिटल बदलांचं खातं सांभाळणारे मंत्री ताकुया हिराई यांनी मंत्रिमंडळ सचिवालय आणि कॅबिनेट ऑफिसात तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण उघड होतं. दोन्ही मेल एकाच वाटेनं, एकाच इनबॉक्समध्ये जातात, त्यामुळं पहिला चोरणारा दुसराही चोरतो. आणि स्कॅनरला मात्र काही दिसत नाही.

पण शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखान्याला ‘आम्ही कुलूपबंद फाईल घेत नाही’ असं ग्राहकाला सांगता येतं का? बहुतेकदा नाही. ग्राहक मोठा असतो, पद्धत त्याची चालते. अशा ठिकाणी मला दोन वाटा बऱ्या वाटतात. पहिली, ग्राहकाचं पोर्टल असेल तर तिथून किंवा फक्त तुमच्याच खात्याला उघडणाऱ्या लिंकवरून फाईल घेणं. मग कुलपाची गरजच उरत नाही. दुसरी, तुमच्या मेल सेवेत सोय असेल तर कुलूपबंद फाईल अडकवून ठेवणं. काही सेवा अशी फाईल बाजूला ठेवतात, तुमच्याकडून पासवर्ड मागून घेतात, आत तपासतात आणि मगच सोडतात. गूगल वर्कस्पेसमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठीच्या जीमेलमध्ये, अनोळखी पाठवणाऱ्याकडून आलेल्या कुलूपबंद अटॅचमेंट बाजूला काढायची सेटिंग आहे. ती चालू आहे का, एवढं तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारा.

यातलं काहीच जमत नसेल तर फोन करा. दोन मिनिटं लागतात. “तुम्ही झिप पाठवलीय का, त्यात काय आहे, आणि पासवर्ड आत्ता सांगा.” या एका फोननं पाठवणारा खरा आहे हे कळतं आणि किल्लीही वेगळ्या वाटेनं येते.

## आणि उघडूनच बसलो असलो तर?

घाबरून मशीनवर आणखी खटाटोप करू नका. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, म्हणजे शेजारच्या मशीनकडं जायची वाट तुटते. मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून, कधीही त्याच कॉम्प्युटरवरून नाही. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत-क्रमांकावर फोन. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. मेल पुसून टाकू नका, तो पुरावा असतो. आणि ओशाळून गप्प बसू नका. ज्यानं उघडलं त्याच्यावर डाफरलात तर पुढच्या वेळी तो माणूस तुम्हाला सांगणारच नाही, आणि ते फार महागात पडतं.

उरला बॅकअप. घातक प्रोग्राम फाईली कुलूपबंद करून खंडणी मागतो तेव्हा मशीनला जोडलेली प्रत्येक डिस्क त्याच्या हाताला लागते. त्या फाउंड्रीत टॅलीचा आणि ड्रॉइंगचा बॅकअप एका बाहेरच्या डिस्कवर होता, आणि ती डिस्क दोन वर्षांपासून कॉम्प्युटरच्या मागं जोडूनच ठेवलेली होती. निघायच्या आधी मी ती दाखवली. ताईंनी ती काढली, तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवली आणि किल्ली मालकांच्या हातात दिली. मग पुण्याच्या परचेसवाल्यांना मेल लिहायला बसल्या: यापुढं झिपचा पासवर्ड मेलमध्ये लिहू नये, आम्हाला फोनवर सांगावा.